घरात हृदयविकार आहे, मग मुलांचे काय?

दवाखान्यात केसपेपरवर लिहिता लिहिता डॉक्टर विचारतात, “घरात कुणाला हार्टचा त्रास होता का?” आपल्याकडे बहुतेक वेळा उत्तर येते, “नाही.” नंतर घरी बसून बोलताना एकेक गोष्ट निघते. आजोबांच्या छातीत जळजळत होते, गॅस झाला म्हणून सोडा पाजला आणि ते रात्री झोपेतच गेले. थोरले काका पंचेचाळिशीत कामावरच कोसळले. आत्याला जिना चढताना धाप लागायची, सगळे दमा म्हणायचे. या तिन्ही गोष्टी हृदयविकाराच्या असू शकतात. पण आपण त्यांना “अचानक गेले” एवढेच नाव दिलेले असते.

या अंकात आपण समजून घेऊ की घरातल्या मोठ्यांच्या हृदयविकाराचा मुलांच्या हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर कसा परिणाम होतो, तो कोणत्या वयात सुरू होतो आणि त्यातले किती आपल्या हातात असते. चिता कॅम्प, पायलीपाडा, मानखुर्द, गोवंडी या भागांत तिशी-चाळिशीतला कमावता माणूस गेला की पूर्ण घर खाली बसते. म्हणून हा धडा फक्त आजारी माणसांसाठी नाही. ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुले आहेत, त्यांनी तो आधी वाचावा.

कौटुंबिक इतिहास कशाला म्हणायचे?

आजोबा ऐंशीव्या वर्षी हृदय थांबून गेले, तर त्याला धोक्याचा इतिहास म्हणत नाहीत. डॉक्टर वय पाहतात. वडील किंवा सख्खा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, किंवा आई अथवा सख्खी बहीण यांना ६५ वर्षांच्या आत हृदयविकाराचा झटका आला असेल, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल, तर त्या घरातल्या मुलांना जास्त धोका आहे असे धरतात. लहान मुलांच्या बाबतीत आजी-आजोबा, काका, मामा, आत्या, मावशी यांचीही नोंद घ्यावी, कारण आईवडील अजून तरुण असतात आणि त्यांचा आजार दिसायचा बाकी असतो.

याशिवाय चार गोष्टी सांगायला विसरू नये: लवकर वयात सुरू झालेले ब्लडप्रेशर, शुगर, लकवा आणि तरुण माणसाचा कारण न कळलेला अचानक मृत्यू. पोहताना, धावताना किंवा झोपेत तरुण मूल गेले असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना मुद्दाम सांगावी.

आजार दिसतो चाळिशीत, सुरू होतो लहानपणी

“पोरगा तर वीस वर्षांचा आहे, त्याला कशाला हार्टची तपासणी?” असे आपण म्हणतो. १९५३ साली अमेरिकेत एक अहवाल प्रसिद्ध झाला. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० सैनिकांची हृदये डॉक्टरांनी तपासली होती. त्यांचे सरासरी वय २२ वर्षे होते. त्यातल्या चारपैकी तिघांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबीचा थर बसू लागल्याची खूण सापडली. यातल्या कुणाला लक्षण नव्हते. सगळे धडधाकट म्हणून सैन्यात घेतलेले होते.

नंतर १९७३ पासून अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात बोगालुसा नावाच्या गावात मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला. अपघातात किंवा इतर कारणाने दगावलेल्या मुलांच्या रक्तवाहिन्या तपासल्या, तेव्हा ज्यांचे वजन, ब्लडप्रेशर आणि कोलेस्टेरॉल जास्त होते त्यांच्यात हे थर जास्त आढळले. ज्यांच्या आईवडिलांना हृदयविकार होता, ती मुले लहानपणापासूनच इतरांपेक्षा जाड होती आणि मोठी होताना त्यांचे कोलेस्टेरॉल व शुगरही वाढत गेले.

२००० साली इटलीतल्या डॉक्टरांनी आणखी थेट प्रश्न विचारला. ज्यांच्या आई किंवा वडिलांना कमी वयात झटका आला होता, अशी ४० निरोगी तरुण मुले त्यांनी घेतली आणि तेवढीच मुले असा इतिहास नसलेल्या घरांतली घेतली. सरासरी वय १९ च्या आसपास. सोनोग्राफीत दिसले की पहिल्या गटातल्या मुलांच्या मानेतल्या रक्तवाहिनीची भिंत जाड होती आणि हाताची रक्तवाहिनी गरज पडल्यावर जेवढी रुंदावायला हवी तेवढी रुंदावत नव्हती. म्हणजे रक्तवाहिनी आपला लवचिकपणा आधीच हरवू लागली होती. ब्लडप्रेशर असलेल्या आईवडिलांच्या मुलांतही, मुलांचे प्रेशर अजून नॉर्मल असताना, हृदयाचा डावा कप्पा थोडा जाड झालेला आढळतो.

याचा अर्थ मूल आजारी आहे असा नाही. आजाराची वाट कुठून निघते ते कळले आणि ती अडवायला वीस-तीस वर्षे हातात आहेत, असा त्याचा अर्थ आहे.

वारसा तीन वाटांनी येतो

पहिली वाट रक्ताची, म्हणजे जनुकांची. काही घरांत यकृताला रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, नीट उचलता येत नाही. हे कसे घडते ते शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोन शास्त्रज्ञांना १९८५ चे नोबेल मिळाले. जगात साधारण अडीचशे माणसांत एकाला हा दोष असतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते. मूल सडपातळ असले तरी त्याचे एलडीएल जन्मापासून जास्त राहते. काहींच्या पापणीजवळ किंवा घोट्यामागच्या शिरेवर पिवळट गाठी दिसतात, पण बहुतेकांत बाहेरून काहीच दिसत नाही. हा दोष फक्त पथ्याने जात नाही. तज्ज्ञ डॉक्टर आठ-दहा वर्षांच्या वयापासूनही गोळी सुरू करतात, आणि वेळेवर सुरू झाली तर माणूस इतरांसारखे आयुष्य जगतो.

दुसऱ्या काही घरांत हृदयाच्या स्नायूचाच दोष असतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत हृदयाच्या स्नायूशी संबंधित एका जनुकातला छोटा तुकडा गळालेला आढळला. तो असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असे नाही, पण स्नायू कमजोर होण्याचा धोका वाढतो. म्हणून ज्या घरात हृदय मोठे झाल्याने किंवा स्नायू जाड झाल्याने कुणी गेले आहे, तिथल्या भावंडांचा आणि मुलांचा ईसीजी आणि टूडी एको एकदा करून घ्यावा.

दुसरी वाट आईच्या पोटातून येते. यावरचे काम आपल्या महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधल्या बाळांचे साडेतीन किलोच्या आसपास. आपली बाळे हातापायांनी, स्नायूंनी बारीक होती, पण शरीरातली चरबी मात्र त्यांनी राखून ठेवली होती. दिसायला हडकुळे, आत चरबी. पोटात अन्न कमी मिळाले की शरीर जगण्यासाठी असा बेत करते. पुढे मुबलक तेल-साखर मिळाली की तोच बेत अंगावर येतो. पुण्यातच आठ वर्षांच्या मुलांच्या अभ्यासात दिसले की जन्मतः लहान असलेले आणि आठव्या वर्षी जाड झालेले मूल सगळ्यात जास्त धोक्यात होते.

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या शरीरात पुढची बीजे तयार होतात. म्हणजे आजीच्या पोटात नातवाचे अर्धे बीज एकदा राहून गेलेले असते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि इतर भागांतून कितीतरी कुटुंबे मुंबईत आली. त्या पिढीच्या बायांनी उपाशी राहून, डोक्यावर खडी वाहत मुले जन्माला घातली. त्या उपासमारीचा काही हिशेब आजच्या मुलांच्या शरीरात असू शकतो. म्हणून “आपल्या लोकांचे रक्तच तसले” असे कुणी म्हणत असेल, तर ते मान्य करू नका. कुठल्याही जातीचे हृदय जन्मतः कमी दर्जाचे नसते. पिढ्यान्‌पिढ्या जे पोटभर मिळाले नाही, त्याची ती खूण आहे.

तिसरी वाट घरातली. एकाच छताखाली राहणाऱ्यांचे मीठ एक, तेल एक, हवा एक, झोप एक. वडील घरात बिडी-सिगारेट ओढतात, तो धूर दहा बाय बाराच्या खोलीत मुलांच्या छातीतही जातो. आजीची मिश्री नातीच्या हाताला लागते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते हे मुलांनाही ठाऊक असते. सुकट, बोंबील, लोणचे, पापड, फरसाण यांतून मीठ येते. वडे तळलेले तेल पुन्हा तापते. हे सगळे पुढच्या पिढीत जाते, आणि त्याला आपण “आमच्या घराण्यातच हार्ट आहे” म्हणतो.

जो घराण्यातला वाटतो, पण नसतो

एक हृदयविकार असा आहे की एका घरात दोन-तीन मुलांना होतो, म्हणून लोक त्याला वारसा समजतात. हा संधिवाताचा हृदयविकार, म्हणजे ऱ्हुमॅटिक हार्ट. तो घशातल्या जंतूंमुळे होतो. दाटीच्या वस्तीत हे जंतू एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातात. साधारण ५ ते १५ वयाच्या मुलाचा घसा दुखतो, ताप येतो. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा, घोटा, मनगट असे एकेक सांधे सुजतात आणि दुखतात. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. म्हणून मुलाचा ताप-घसादुखी अंगावर काढू नका आणि डॉक्टरांनी दिलेला औषधांचा कोर्स अर्धवट सोडू नका. झडपेला इजा झालेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. मूल बरे दिसते म्हणून ते बंद केल्याने पुन्हा झटका येतो आणि झडप आणखी बिघडते.

नशीब की आपला हात?

स्वीडनमध्ये जुळ्या भावंडांचा मोठा अभ्यास झाला. एकसारख्या जुळ्या भावांपैकी एक ५५ वर्षांच्या आत हृदयविकाराने गेला, तर दुसऱ्याचा धोका सुमारे आठपट निघाला. वेगळ्या चेहऱ्याच्या जुळ्या भावांत तो चौपटीच्या आसपास होता. म्हणजे रक्ताचा वाटा खरा आहे, तो नाकारून चालणार नाही.

पण दुसरी बाजूही तेवढीच पक्की आहे. २००४ साली ५२ देशांतल्या अभ्यासात दिसले की पहिल्या झटक्याचा जवळपास ९० टक्के धोका नऊ गोष्टींनी समजावता येतो: तंबाखू, कोलेस्टेरॉल, ब्लडप्रेशर, शुगर, पोटावरची चरबी, मनावरचा ताण, फळे-भाज्या कमी खाणे, व्यायाम नसणे आणि दारूच्या सवयी. त्याच अभ्यासात भारत आणि शेजारच्या देशांतल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येताना दिसला. २०१६ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्यांची जनुके सगळ्यात धोक्याची होती, त्यांच्यातही तंबाखू न घेणारे, वजन राखणारे, चालणारे आणि नीट खाणारे होते, त्यांचा धोका जवळपास निम्मा होता. जनुके बदलता येत नाहीत, पण त्यांना खतपाणी घालायचे की नाही हे आपण ठरवू शकतो.

वयाप्रमाणे काय करायचे?

गरोदरपणी: सुनेला आणि लेकीला सगळ्यांच्या शेवटी उरलेले जेवण नको. डाळ, अंडी, दूध, पालेभाजी, जमेल तेव्हा मासे आणि लोहाच्या गोळ्या रोज. शुगर आणि प्रेशरची तपासणी चुकवू नये. मुलगी अठरा-वीस वर्षांची असल्यापासून तिचे रक्त भरून काढले, तर पुढचे बाळ भरते.

० ते ५ वर्षे: सहा महिने फक्त अंगावरचे दूध. बाळ कमी वजनाचे असेल तर त्याला बिस्किटे, साखरेचे पाणी, चहा-खारी देऊन गुटगुटीत करू नका. वरण, अंडे, शेंगदाणे कुटून, केळी यांनी त्याला स्नायू येतात. दूध पिताना घाम येणे, ओठ निळे पडणे, वजन न वाढणे ही जन्मजात हृदयदोषाची लक्षणे असू शकतात. अंगणवाडी आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मुलांना तपासते, त्या दिवशी मूल गैरहजर ठेवू नका.

६ ते १२ वर्षे: वर्षातून एकदा प्रेशर मोजून घ्या. मुलासाठी लहान मापाचा पट्टा लागतो, तो आहे का ते विचारा. घरात लवकर हृदयविकार झालेला असेल तर नऊ ते अकरा वर्षांच्या दरम्यान कोलेस्टेरॉलची तपासणी करावी, आणि इतिहास ठळक असेल तर डॉक्टरांना विचारून आधीही. मुलाचे एलडीएल १३० च्या वर गेले तर ते जास्त समजतात. १६० च्या वर असेल आणि घरात इतिहास असेल, तर वंशपरंपरेने आलेला कोलेस्टेरॉलचा दोष आहे का ते तज्ज्ञांकडून पाहून घ्यावे. रोज एक तास घाम येईपर्यंत खेळणे या वयाचे औषध आहे. मुलींनाही तेवढाच तास मिळाला पाहिजे.

१३ ते १९ वर्षे: या वयात प्रेशर वारंवार १३० / ८० किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. तंबाखूची पहिली पुडी बहुधा याच वयात हातात येते. बापाने स्वतः सोडली तर मुलाला सांगायला तोंड राहते. जिममध्ये शरीर लवकर फुगवण्यासाठी दिलेली इंजेक्शने आणि अनोळखी गोळ्या घेऊ देऊ नका, त्यातली स्टेरॉइड्स हृदयाच्या स्नायूला इजा करतात. धावताना चक्कर येऊन पडणे, खेळताना छातीत दुखणे, विनाकारण छातीत धडधडणे याला “अशक्तपणा” म्हणून सोडू नका.

२० ते ३५ वर्षे: प्रेशर, शुगर, कोलेस्टेरॉल आणि कमरेचे माप, या चार गोष्टींची वही ठेवा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या आत हवी. रात्रपाळी, रिक्षा, हाउसकीपिंग, डिलिव्हरी अशी कामे करणाऱ्यांनी झोप आणि जेवणाची वेळ जमेल तेवढी सांभाळावी. घरात मीठ दरमाणशी दिवसाला एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत, आणि तेल दरमाणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास ठेवावे. सुके मासे धुऊन, भिजवून मगच करावेत.

लपवल्याने काय होते?

आपल्या समाजात एक अडचण उघडपणे बोलली जात नाही. मुलीच्या बापाला बायपास झाली हे कळले तर सोयरीक मोडेल, या भीतीने घरे आजार झाकतात. मुलाला लहानपणी झडपेचा त्रास होता, हे त्याच्या बायकोला पहिल्या बाळंतपणात कळते. मुलीच्या हृदयाचा दोष तर लग्न होईपर्यंत फाइलमध्ये बंद असतो, आणि गरोदरपणी हृदयावर भार वाढला की तिचा जीव धोक्यात येतो.

आजार असणे हा कलंक नाही. आपल्यावर जन्मावरून शिक्का मारणाऱ्यांशी आपण पिढ्यान्‌पिढ्या भांडलो, तर जन्मासोबत आलेल्या आजारावरून आपणच दुसऱ्याच्या लेकीला नाकारू नये. स्थळ पाहताना पत्रिका विचारू नका, पण ब्लडग्रुप, सिकलसेल, शुगर आणि हृदयाचा इतिहास दोन्ही घरांनी एकमेकांना सांगावा. तो नकार देण्यासाठी नाही, पुढची काळजी घेण्यासाठी आहे.

घरचा अभ्यास

या रविवारी घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. मधोमध मुलांची नावे लिहा. वरच्या ओळीत आई, वडील, काका, आत्या, मामा, मावशी. त्याच्या वर दोन्हीकडचे आजी-आजोबा. प्रत्येकाच्या नावाखाली चार गोष्टी लिहा: आज वय किती किंवा कितव्या वर्षी गेले, कशाने गेले, प्रेशर-शुगर होती का, तंबाखू-दारू होती का. “अचानक गेले” एवढ्यावर थांबू नका. त्या दिवशी काय झाले ते विचारा. छातीत दुखले का, घाम आला का, हात भरून आला का, धाप लागली का. गावाकडच्या नातेवाइकांना फोन करा. आजीला जे आठवते, ते तिच्याबरोबर जाण्याआधी कागदावर यायला हवे.

या वहीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या वेळी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा आपला दवाखान्यात दाखवा. पुढची तपासणी लागली तर गोवंडीचे शताब्दी, घाटकोपरचे राजावाडी, सायन आणि परळचे केईएम ही महापालिकेची रुग्णालये आहेत. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. विहारात वंदनेनंतर लोक जमतातच. महिन्यातून एका रविवारी तिथे प्रेशर मोजायचे यंत्र आणि एक मोजपट्टी ठेवली, तर वस्तीतल्या कितीतरी घरांची वही सुरू होईल.

शेवटची गोष्ट तोंडपाठ करा. छातीवर दगड ठेवल्यासारखे दडपण, दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, थंड घाम, धाप, उलटी, विशेषतः बायांमध्ये आणि शुगरच्या रुग्णांत न दुखताही आलेला एकाएकी थकवा, यांतले काही झाले तर सोडा नको, मालिश नको, सकाळपर्यंत थांबणे नको. १०८ ला फोन करा आणि सरळ मोठे रुग्णालय गाठा. माणूस कितीही तरुण असला तरी.